भोक नसलेली रायफल

नाही, हात काढा आधी तिथून. चाप हलका करून हवाय ते ऐकलं मी, रविवारी स्पर्धा आहे तेही ऐकलं — बसा. ते स्टूल घ्या, हे डुगडुगतं. कुठून घेतलीत म्हणालात? जुनी, दुकानातून, आणि नेमबाजी दोन वर्षांची. बरं. हे बघा, लाकडातून काढली की अ‍ॅक्शनच्या, म्हणजे गोळी बसते त्या पोलादी सांगाड्याच्या, पोटाशी काय कोरलंय — दोन. माझ्याच हातचं आहे ते. त्या वर्षी दोनच केल्या, एक दादासाठी आणि एक परक्या माणसाला विकली, आणि ती विकलेली मी अकरा वर्षं शोधतोय. आणि तुम्ही ती पिशवीत घालून घेऊन येता, चाप जरा जड लागतो म्हणून! आतून घासल्याचा आवाज येतोय ना, तो दादाच. थोरला भाऊ माझा. पॉलिश पेपर मारतोय, त्याला बसवत नाही स्वस्थ.

नेम चांगला लागतो हिचा, हो ना? लागणारच. एका वेळी एकच गोळी, ती हाताने ठेवायची. मॅगझिन नाही, म्हणजे पोटाला खिडकी नाही. पोलाद जितकं कमी कापाल तितकं ते ताठ राहतं, आणि ते ताठ असलं की नळी दर खेपेला तिथल्या तिथे बघते. हजार मीटरवर केसभर हललं तरी गोळी फळीबाहेर. मी बनवायचो, दादा मारायचा. वहिनी म्हणायची, तुम्ही दोघं मिळून एक माणूस आहात. आणि मला नाद लागला हो — आणखी काय कापायचं वाचवता येईल, आणखी काय. इथे बघा, या कुशीला. इथे एक भोक असतं. पेन्सिलही जाणार नाही एवढंसं. काडतुसाचं पितळ कधीतरी दगा देतं, मागून फाटतं, त्यात कुणाचाच दोष नसतो. तेव्हा आतला जाळ भोकातून बाजूला निघून जातो. भोक नसलं तर सरळ मागे येतो, बोल्टच्या, म्हणजे मागच्या दांड्याच्या, कडेने. आणि मागे कोण असतं? गाल टेकवून, डोळा लावून कोण पडलेलं असतं?

उजवा डोळा गेला दादाचा, एक नंबरमध्ये पितळ फाटलं त्या दिवशी. डाव्याने दिसतं, बऱ्यापैकी दिसतं. क्लबची माणसं रायफल तपासायला आली, त्यांनी सगळं मोजलं, वायूचं भोक जागेवर आहे असं लिहिलं, म्हणजे बनवण्यात खोट नाही, चूक भरणाऱ्याची. काडतुसं दादा स्वतःच भरायचा, घरी, लहान काट्यावर बारूद तोलून. मी दवाखान्यात जाऊन त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, "दुप्पट पडली असेल माझ्या हातून." तेव्हापासून काटा हातात धरला नाही त्याने. चहात साखरसुद्धा स्वतः घालत नाही, माझ्या हाताचा भरवसा नाही म्हणतो. वहिनी घालते, ती नसली की मी घालतो. अकरा वर्षं त्याच्या कपात मी साखर घालतोय.

काय? — एक नंबरला भोक होतं, मग दोनला कसं नाही? हुशार आहात. चाप हलका करायला आलात आणि भलतंच बघत बसलात. आता विचारलंतच तर ऐका. विसरलो नव्हतो मी, दोन्हींना ठेवलंच नव्हतं. रायफल मैदानावरून मी उचलून आणली, आणि क्लबची माणसं यायच्या आदल्या दुपारी, याच ड्रिलवर, मी ते पाडलं. दोन मिनिटांचं काम. कडेला जरा काजळी चोळली. हे वहिनीलासुद्धा माहीत नाही, आणि तुमचं तर मला नावही माहीत नाही.

नाही, म्हणजे दादाची चूक नव्हतीच असं कुठे — दुप्पट पडली असेलही. तुम्ही स्वतः भरता ना? मग सांगा, हजार मीटरच्या काडतुसात बारूद कुठवर येते? मानेपर्यंत. मग दुप्पट — काय झालं? मान का हलवताय? मावत नाही. हो, मावत नाही, बाहेर सांडेल, टेबलभर होईल. ते मलाही माहीत आहे. पण तुम्ही दोन वर्षांचे नेमबाज, क्षणात मान हलवलीत तुम्ही. दादाने वीस वर्षं भरली. वीस वर्षं भरलेला माणूस दवाखान्यातल्या खाटेवर पडून दुप्पट म्हणतो — हे मी आजवर कधी तोंडाने बोललो नव्हतो हो. अकरा वर्षं तो रोज तीच एक नंबरची घेऊन घासत बसतो, त्या भोकावरून बोट फिरवतो, आणि मी म्हणायचो, विरंगुळा आहे बिचाऱ्याला.

द्या ती इकडे. चापाचं राहू द्या, आधी हे भोक. नको कशी? नेम बिघडला तर बिघडू दे. जरा मागे सरका, कीस उडतो... झालं. बघा, एवढंच होतं. वेलदोड्याच्या दाण्याएवढं.

आतला आवाज कधी थांबला? ड्रिल सुरू केलं तेव्हा? की त्याच्या आधीच? तुमचं तोंड दाराकडे आहे, तुम्ही सांगा ना. असे काय बघताय माझ्या मागे?

दादा. बस ना. चहा झाकून ठेवलाय तुझा, साखर तेवढी राहिली, थांब, मी घाल—

असू दे. चमचा तूच घे.

एक. काठोकाठ, आणि एक दाणा सांडला नाही.

तुम्ही निघा आता. दार ओढून घ्या.