नितीनच्या एलमधला विडीचा वास

कोरोनानंतर माझ्या बायकोला, सुनीताला, कसलाच वास येत नाही. फोडणी करपली तरी मलाच सांगावं लागतं. म्हणून तर परवाचं ऐकून बघा. नितीन, माझा बिअर बनवणारा मित्र, त्यानं दुपारी आम्हा दोघांना राय धान्याची नवी एल, म्हणजे एक प्रकारची बिअरच, चाखायला बोलावलं. तिच्यातली हॉप्सची कडवट फुलं त्याच्या वडिलांनी मुळशीच्या शेतात लावलेली. ते नुकतेच गेले.

सुनीतानं घोट घेतला. "अहो, इथे विडी कोण ओढतंय?"

कोणीच ओढत नव्हतं. नितीन पांढराफटक पडला.

"बाबा ओढायचे, हॉप्सच्या वेलींना पाणी घालताना. कुठून येतोय वास, वहिनी?"

"तुमच्या मागून."

नितीन वळला नाही. नुसतं म्हणाला, "बाबा, जमलीय का?"

 त्याच्या खांद्यावरचा शर्ट, कोणी हात ठेवावा तसा, हळूच दबला.