आजीच्या मोबाइलचं कुलूप

मुलांनी मोबाइल जपून कसा वापरावा, हे शैलाबाई शाळाशाळांतून सांगत हिंडायच्या. आजही त्या कन्नडच्या एसटीत बसल्या होत्या. वाटेत मिटमिटा गावाजवळ नव्या इमारतींपुढं पाण्याचे टँकर आडवे लागले होते, म्हणून बस रखडली. पुढच्या बाकावर एक फेटेवाले आजोबा शेजारच्या आजी-नातीशी बोलायला लागले.

“नाव काय गं पोरी तुझं?”

“नाय सांगणार.”

“बरं, गाव कोणतं?”

“ते बी नाय. तुमी अनोळखी हायेत.”

“राग मानू नका पाव्हणं,” आजी म्हणाली. “ शाळेत एक बाई येऊन शिकवून गेल्यात. मोबाइलवर कुणाला नाव-गाव सांगायचं नाय.”

शैलाबाई जरा ताठ बसल्या.

“पण मी कुठं मोबाइलात हाय? मी तर इथं बसलोय.”

“लई कडक हाय ती. माझ्या मोबाइलला कुलूप घातलंय, अन् आकडा मलाच सांगत नाय.”

“आजी, तू समद्यांना सांगत सुटतीस.”

“मी कशाला सांगू कुणाला?”

“मग तुमी फोन लावता कसा?” आजोबांनी विचारलं.

“मला ठाऊक हाय की. हिच्या वाढदिवसाची तारीख. आमची सोनिया चौदा मेची. कन्नडात बाजाराच्या मागं घर हाय आमचं. द्वारकाबाईचं घर इचारा, कुणी बी दावील.”

सोनियानं कपाळाला हात लावला.

मागं शैलाबाईंनी पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला, पदराआड धरला, आणि त्याच्या कुलपाला असलेली लेकीची जन्मतारीख गुपचूप बदलून टाकली.