आज गाडी थंड आहे

मंडळी, बसा. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे या, जागा आहे. मला भाषण येत नाही. मी कोपरीचा गॅरेजवाला, केशव. सदू मिस्त्री आणि मी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो, एकाच ताटात जेवलो, आणि नंतर एकमेकांचं तोंड बघेनासे झालो. त्यामुळे माझ्या तोंडून काय निघेल ते मलाच ठाऊक नाही. मघाशी तात्यासाहेब माझ्या कानात म्हणाले, "दोन चांगले शब्द बोला, आणि आवरा."

तात्यासाहेब, चांगले शब्द तुम्ही सगळ्यांनी संपवलेत. मी मघापासून ऐकतोय. सदू देवमाणूस होता. सदू डोंबिवलीचं भूषण होता. मेल्या म्हशीला मणभर दूध. अहो, गेलं वर्षभर या भूषणाच्या गॅरेजात तुमच्यापैकी कोण गेलेलं? हात वर करा बघू.

राहू द्या. सदूच्या घरच्या इंदूवहिनी समोर बसल्यात, त्यांना ठाऊक आहे.

सदू देवमाणूस नव्हता. सदू तिरसट होता. गिऱ्हाइकाला तोंडावर गाढव म्हणायचा. मला तर काय काय म्हणालाय ते या देवळात सांगता येणार नाही. मी त्याच्यासाठी रडायला आलेलो नाही. मी आलोय ते बाहेर उभ्या असलेल्या गाडीसाठी.

ती गाडी तुम्हाला सांगायला नको. मंडळाची आजारी माणसांची गाडी. तुम्ही घरोघर वर्गणी काढून घेतलीत, मुंबईच्या कुठल्याशा कंपनीची जुनी. चांगलं काम केलंत, त्याबद्दल मी काही बोलत नाही. गाडी रात्री तात्यासाहेबांच्या अंगणात उभी राहते. मंडळाचे अध्यक्ष ते, मान त्यांचा. मानाबद्दलही मी काही बोलत नाही. म्हणजे, अजून नाही.

झालं काय, की सकाळी गाडी सुरू केली की ती खळखळायची. तात्यासाहेबांची पूजा चालू असायची आणि अंगणात हा आवाज. त्यांनी गाडी सदूकडे पाठवली. म्हणाले, आवाज काढून टाक. आता जरा लक्ष द्या. गाडी सदूकडे गेली कशी? चालत गेली. म्हणजे पोचेपर्यंत इंजिन तापलं. आणि तापलेल्या इंजिनात तो आवाज नव्हताच. सदूने कान लावला, काही नाही. मग त्याने अंदाजाने वरचं झाकण काढलं, झडपांचे टॅपेट नीट केले आणि गाडी परत पाठवली. चुकला. सदू चुकला, हे मी त्याच्या शोकसभेत सांगतोय, कारण तो जिवंत असता तर त्याने मला हे बोलू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो तात्यासाहेबांकडे गेला आणि म्हणाला, "गाडी रात्रभर माझ्याकडे ठेवा. सकाळी थंड असताना मी स्वतः चालू करीन. माझा संशय साखळीवर आहे."

साखळी म्हणजे इंजिनाच्या पुढच्या अंगाला, झाकणाआड असते ती. तिच्यावर इंजिनाचा सगळा ताल चालतो, कुठली झडप कधी उघडायची, कधी मिटायची. ती साखळी ताणून धरायला एक दट्ट्या असतो, तो तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं, दट्ट्या सैल पडतो. साखळी झिजून ढिली झालेली असली की सकाळी ती झाकणावर आपटते. थोड्या वेळाने तेल चढतं, दट्ट्या साखळीला दाबतो, आवाज बंद. आवाज बंद झाला, साखळी ढिलीच. एक दिवस ती दातेरी चाकावरून उडते आणि गाडी जिथे असेल तिथे मरते. आत कोण झोपलंय ते ती बघत नाही.

काम काय मोठं होतं? पुढचं उघडायचं, नवी साखळी, नवा दट्ट्या, दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवायच्या, बंद करायचं.

आणि तात्यासाहेब काय म्हणाले? तुम्ही होतात, तुमच्यापैकी चारजण ओट्यावर होतात. ते म्हणाले, "मंडळाची गाडी रात्रभर गॅरेजात दिसली तर गाव म्हणेल, भंगार आणलं. झाकली मूठ सव्वा लाखाची." वर बबनला ताकीद दिली की उद्यापासून आवाज माझ्या कानावर येता कामा नये.

बबन ड्रायव्हर. तो दाराशी उभा आहे. बबन, खाली बघू नकोस, तुझ्यावर माझा राग नाही. तू सांगितल्याप्रमाणे केलंस. बबन रोज सकाळी गाडी ढकलत गल्लीच्या टोकाला न्यायचा, विहिरीपाशी. तिथे हँडल मारायचा. खळखळ व्हायची ती विहिरीवरच्या बायका ऐकायच्या. मग गाडी तापली, शहाण्यासारखी गप्प झाली, की अंगणात आणून उभी करायचा. तोवर पूजा आटोपलेली. तात्यासाहेब बाहेर येऊन बघतात तो गाडी कशी, लोण्यासारखी चाललेली.

मग गावभर काय झालं? सदूकडे जाणं बंद केलं आणि आवाज आपोआप गेला. सदूनेच काहीतरी करून ठेवलेलं असणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला. एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं गेलं. वहिनी, त्याच्या गॅरेजात कुत्रं झोपायला लागलेलं, मी पाहिलंय.

तेव्हा तो माझ्याकडे आला. इतक्या वर्षांनी, कोपरीला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाला, "केशा, मला ते खोटा म्हणतात. तू चल आणि तुझ्या कानाने ऐक." मी गेलो. तात्यासाहेबांनी अगदी हसत परवानगी दिली. पूजा झाल्यावर या, म्हणाले. मी लांब पेचकसाची मूठ कानाला लावली, टोक झाकणावर टेकवलं. तापलेलं इंजिन. काही नाही. सदू म्हणाला, "ही आधी चालू केलीय." तात्यासाहेब म्हणाले, "दोन मिस्त्री आणि आवाज शून्य." ओट्यावर सगळे हसले. सदू हसला नाही. मग तो स्टेशनवर, बाजारात, दिसेल त्याला सांगत सुटला की त्या गाडीत बसू नका. तुम्ही त्याला वेडा ठरवलंत.

शेवटचं तुम्हाला माहीत आहे. छातीत कळ आली. गाडी दारात आणली. आणि तो म्हणाला, "मी या गाडीत बसणार नाही." टांग्याने नेला. कल्याणच्या अलीकडेच आटोपलं.

आता तुम्ही म्हणता, हट्टापायी गेला. हो, हट्टापायी गेला. सदू, गाढवा, बसायचं होतंस. गाडी त्या दिवशी पोचलीही असती, कोण जाणे. मला तुझा राग येतो. रात्रंदिवस येतो. पण तू गाडीत बसला असतास तर सगळे म्हणाले असते, बघा, आवाज नाहीच. हे तुला कळलेलं. म्हणून बसला नाहीस.

काल मी बबनला विचारलं. फक्त विचारलं. वर्षभरात त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. मी म्हटलं, गाडी संध्याकाळीच देवळापुढे आणून लाव आणि सकाळी हात लावू नकोस. तात्यासाहेबांना वाटलं, गाडीला हार घालायचाय. घातलाय, तोही.

मंडळी, आता उभे राहा. सदूसाठी शांत उभं राहायचं आहे. कुणी खोकू नका, कुजबुजू नका. तात्यासाहेब, तुम्ही जरा पुढे या, दाराशी. अजून पुढे. बबन, मार हँडल.

ऐका.

पत्र्याच्या डब्यात सायकलची साखळी हलवावी, तसं. ऐकताय ना? वरून नाही, पुढून येतोय. अजून. अजून आहे.

गेला. आता ही जी शांतता आहे ना, तात्यासाहेब, ही तुम्ही रोज ऐकत होतात. बाकीच्यांनी ती, आवाज चालला तेवढाच वेळ, उभ्याने ऐका. या गाडीत उद्या तुमचंच कुणीतरी झोपणार होतं.

सदू, तू बरोबर होतास. हे ऐकायला तू हवा होतास. माझा तुला नमस्कार.

बबन, बंद कर गाडी. आता ती बैल लावून माझ्या गॅरेजात जाईल. हँडल इकडे दे.