‘दुखतंय’चं बटण

सालोमी: आणि ‘मिस्सा ऐकली’ हा बापाचा मेसेज वाचून तुला काहीच वाटलं नाही? मंगळवारी, भरदुपारी कुठला फादर देवळात मिस्सा करतो रे, जेन्सन?

जेन्सन: मला वाटलं, पप्पांचं बोट घसरलं. लकवा झाल्यापासून डाव्या हाताने दाबतात ना ते, आत्या.

सालोमी: बोट नाही, माझा अख्खा भाऊ घसरला होता. पाण्याची मोटार बंद करायला गेला नि केळीच्या वाडीत पाय मोडून पडला. शोधत गेले मी, तर खिशातला मोबाइल हातात धरून आडवा. तू काय पाठवलंस त्याला?

जेन्सन: ...जोडलेले हात.

सालोमी: वा! बाप चिखलात, नि पोरगा आमेन म्हणतोय.

(प्लास्टरमधला पाय घेऊन खाटेवर पडलेला फर्डिनंड मोबाइलवरचं बटण दाबतो. त्याच्याऐवजी मोबाइल बोलतो.)

मोबाइल: बरा आहे.

सालोमी: तू गप रे, फर्डिनंड! तुझी वाचा गेली म्हणून आता हा डबा बोलणार, आणि हा डबा कायम बराच असणार. जेन्सन, याच्या मोबाइलात आधी अक्षरं होती ना सगळी?

जेन्सन: होती. मी काढली. सॉफ्टवेअर बदलून स्क्रीनवर माझा कीबोर्ड बसवला. मोठी बटणं. एक दाबलं की अख्खं वाक्य मला येतं, वर मोबाइल ते बोलतोही. जेवलो. गोळी घेतली. झोपतो. बरा आहे. ऑफिसात दाखवला तेव्हा टाळ्या वाजवल्या लोकांनी.

सालोमी: ‘दुखतंय’चं बटण कुठाय? ‘पडलो’चं? ‘ये’चं? तुझ्या बोळिंजहून इथे वटारला यायला काय विमान लागतं?

जेन्सन: स्क्रीनवर जागा नव्हती.

सालोमी: ‘मिस्सा ऐकली’ला होती.

जेन्सन: होती गं जागा. खरं सांगू? आधी ते एकेक अक्षर शोधून लिहायचे. मी मीटिंगमध्ये, आणि वर आपलं ‘लिहीत आहे, लिहीत आहे’ दिसत राहायचं. जीव टांगणीला. शेवटी काय यायचं? ‘कोंबडी खुडूक बसली.’ वैताग यायचा मला, आत्या. मग मला जेवढं ऐकायचं होतं, तेवढीच बटणं केली.

मोबाइल: गोळी घेतली.

सालोमी: कशाला सावरून घेतोस त्याला?

जेन्सन: नका ना, पप्पा... द्या इकडे तो मोबाइल. थांबा, झालंच. हे बघा, अक्षरं परत टाकलीत, मोठी केलीत. ‘दुखतंय’ सगळ्यात वर, लाल. दाबून बघा.

मोबाइल: दुखतंय.

सालोमी: कुठे? पायात?

जेन्सन: अगं, बटण चालतंय का ते बघतायत.

मोबाइल: दुखतंय.

सालोमी: हे बघणं नाही हं, जेन्सन. डोळे बघ त्याचे. कुठे रे दुखतंय, फर्डिनंड?

जेन्सन: बोलू नकोस जरा. बोट अक्षरांकडे गेलं.

सालोमी: काय लिहितोय?

जेन्सन: एकच अक्षर झालंय.

सालोमी: तुझा फोन वाजतोय. ऑफिसातून दिसतोय.

जेन्सन: वाजू दे. लिहितायत ते अजून.