चोवीसपैकी किती?

(नाशिक, पाथर्डी फाटा. बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या तळमजल्यावरचं ऑफिस. महेश बिल्डर, म्हसरूळचे द्राक्षबागाईतदार गोरक्षतात्या, आणि नुकतीच वरचा सॅम्पल फ्लॅट पाहून खाली आलेली हर्षाली.)

महेश : ...म्हणून म्हणतो ताई, उगाच विचार करत बसू नका. चोवीसपैकी दोनच राहिलेत. दसऱ्याला तेही जातील.

हर्षाली : म्हणजे बावीस गेले?

महेश : गेले! आणि दसऱ्यानंतर दर वाढतोय. आज टोकन दिलंत तर जुन्या दरात बसवतो.

गोरक्षतात्या : ऐकून बरं वाटलं बाई. आमच्या बागेवरबी ह्योच बांधणार हाय. सहीसाठीच बसलोय सकाळपासनं.

हर्षाली : अहो, पण मी फ्लॅट घ्यायला आलेच नाहीये.

महेश : असू द्या. मिस्टरांना घेऊन या.

हर्षाली : मिस्टरांचा प्रश्न नाही. हे माझं ओळखपत्र. सांख्यिकी कार्यालयाकडून आलेय. व्यवसायांचं आर्थिक सर्वेक्षण चालू आहे, त्यात यंदा बांधकामवाले आहेत.

महेश : मग आधी सांगायचं ना, मॅडम!

हर्षाली : दारातच सांगत होते. तुम्ही पाणी मागवलंत, ब्रोशर हातात दिलंत आणि लिफ्टमध्ये घातलंत.

महेश : पण बाल्कनीत तुम्ही "हवा छान येते" म्हणालात.

हर्षाली : येत होती छान.

गोरक्षतात्या : गेली ताई, आल्या मॅडम. महेशशेठ, तोंड का उतरलं रे?

महेश : काही नाही तात्या. मॅडम, काय सांगू तुम्हाला. धंदा पार बसलाय. वाळू मिळत नाही, स्टील परवडत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही.

गोरक्षतात्या : आँ? आत्ता तर बावीस गेले म्हणलास.

महेश : म्हणजे... बावीस जण चौकशी करून गेले.

गोरक्षतात्या : चौकशी तर मी ओझरच्या इमानतळावर इमानाचीबी करतो.

हर्षाली : सर, तुमचं मला आश्चर्य नाही वाटत. या आठवड्यात जिथे जिथे गेले, तिथे साहेब साइटवर. एके ठिकाणी साइटवर गेले तर साहेब ऑफिसात. तुम्ही पहिलेच सापडलात.

महेश : सापडलो कसला, स्वतःच हाताला धरून आत आणलं तुम्हाला. मॅडम, एक विचारू? तुम्ही हे पुढं कुणाला देता? इन्कम टॅक्सला?

हर्षाली : कुणालाच नाही. कायद्यानं गोपनीय आहे. तुमचं नाव कुठेही येत नाही, सगळ्यांचे आकडे एकत्र होतात. त्यातून बांधकामाचं कसं चाललंय ते सरकारला कळतं.

महेश : असं म्हणतात सगळे.

हर्षाली : प्रत्येकजण खोटं सांगायला लागला तर सरकारला वाटेल नाशकात एक तर सोन्याचे बंगले आहेत, नाहीतर सगळे बिल्डर उपाशी आहेत.

महेश : मॅडम, आमची अडचण समजून घ्या. बँक विचारते तेव्हा जोरात चाललंय म्हणावं लागतं, नाहीतर कर्जाचा हप्ता सोडत नाही. सिमेंटवाल्याला सांगायचं, एक फ्लॅट गेला नाही, थांब. गिऱ्हाइकाला सांगायचं, दोनच राहिलेत, पळ. आता तुम्ही कोण, तेच कळेना, म्हणून जीभ अडखळते.

गोरक्षतात्या : आन मला काय सांगायचं असतं?

महेश : तुम्हाला काय तात्या, तुम्ही घरचे.

गोरक्षतात्या : घरच्याला गिऱ्हाइकाचा आकडा सांगितला का बँकेचा, तेवढं बोल.

हर्षाली : एक सांगते. उत्तरं गोपनीय असल्यामुळे दुसरं कुणी समोर बसलेलं चालत नाही. सरांची हरकत नसेल तर बसा, नाहीतर थोडा वेळ बाहेर.

महेश : हां! तात्या, तेवढ्यात कोपऱ्यावर चहा घेऊन येता का? मस्त आल्याचा.

गोरक्षतात्या : तीन झाले चहा. पोटात तेवढंच हाय आज. आन महेश, बाहेर गेलो तर सरळ घरीच जाईन.

महेश : असं काय करता! कागद तयार आहेत.

गोरक्षतात्या : बाई, तुम्हीच ऐका. उद्या हरसूलची टोळी छाटणीला येती. लखन मुकादमाला दुपारच्या आत सांगायचंय, ये का नको येऊ. ह्यो म्हणतो सही करा, बाग मोडा, सात मजली उभी करतो, अकरा फ्लॅट तुमचे. बाग मोडायला एक जेसीबी लागतो. लावायला माझी आन कारभारणीची, मैनाची कंबर लागली. मोडली का पुन्हा होत नाय. मंग जे सरकारला सांगणार ते मला का नको?

महेश : तात्या, सरकारला सांगितलेलं सरकारकडंच राहतं हो. तुम्ही म्हसरूळभर कराल.

गोरक्षतात्या : नाय करणार. मैनाची शपथ.

महेश : काकूंची शपथ तुम्ही रोज घेता.

गोरक्षतात्या : आन रोज पाळतो. बोल. उठू का बसू?

हर्षाली : सर, ठरवा. मला अजून सातपूरला जायचंय.

महेश : ...बसा तात्या.

हर्षाली : म्हणजे हरकत नाही?

महेश : हरकत आहे. पण बसू द्या. विचारा.

हर्षाली : या इमारतीत एकूण सदनिका?

महेश : चोवीस.

हर्षाली : विकल्या गेलेल्या?

महेश : ...नऊ.

गोरक्षतात्या : नऊ!

महेश : त्यातल्या दोन मेव्हण्याच्या नावावर.

हर्षाली : मेव्हण्यांनी पैसे दिलेत?

महेश : मॅडम, तुम्हाला मेव्हणे आहेत का?

हर्षाली : सात लिहिते.

गोरक्षतात्या : मघाशी तर बावीस होते! मंग ते खालच्या पाट्यांवर नावं कुणाची हायती? पाटील, कुलकर्णी, शेख...

महेश : त्या नमुन्याच्या पाट्या आहेत तात्या. रंग बघायला लावल्यात.

हर्षाली : कामगार किती? गेल्या वर्षी आणि आता.

महेश : गेल्या वर्षी चाळीसेक असायचे. आता चौदा.

हर्षाली : बाकीचे का गेले?

महेश : सणाला गावी गेले. परत यायचा फोन आला तेव्हा मीच म्हटलं, घाई करू नका. त्यांच्यासमोर काम नाही म्हणायला जड जातं हो.

गोरक्षतात्या : कुठले होते?

महेश : हरसूलकडचेच की बरेचसे.

गोरक्षतात्या : आत्ता कळलं! लखन म्हणला, तात्या, यंदा माणसं म्हणाल तेवढी आणतो. दरसाली हातापाया पडावं लागतं. मी म्हणलं, ह्याला देव पावला का काय. ते तुझे गवंडी व्हय!

महेश : असतील.

गोरक्षतात्या : ज्यांना तू काम देईना, ते माझी बाग छाटणार. आन ती बाग मोडून तू त्यांना काम देणार. महेश, ह्यात तुझं डोकं कुठं चालतं रे?

महेश : तात्या, नवीन काम सुरू झालं की गिऱ्हाइकाला वाटतं ह्या माणसाचं जोरात चाललंय. मग जुनेही फ्लॅट जातात. धंदा असाच ओढायचा असतो.

गोरक्षतात्या : हितले पंधरा पडून, तिथं माझे अकरा. घेणार कोण? पारवे?

महेश : सतरा. मेव्हण्याचे दोन धरून.

हर्षाली : शेवटचा प्रश्न. येत्या सहा महिन्यांत नवीन काम सुरू करण्याचा विचार आहे का?

गोरक्षतात्या : महेश, माझ्याकडं काय बघतो? तुला विचारलंय.

महेश : उत्तर तुमच्याकडंच आहे ना.

गोरक्षतात्या : थांबा मंग बाई, लिहू नका. एक फोन करतो. ...हॅलो, लखन? तात्या बोलतोय. या उद्या. सगळे या, कुणाला मागं ठेवू नको. ऊन चढायच्या आत पोचा. आन ऐक, ज्यांना छाटणी जमत नाय त्यांना छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावायला घेऊ. गवंडी हायती ते, हात चालतो त्यांचा. ...हां. ठेवतो.

महेश : झालं.

गोरक्षतात्या : तोंड पाडू नको. तुझ्यावर राग नाय. बावीस ऐकून सही केली असती, मंग राग आला असता.

महेश : नाही लिहा मॅडम.

हर्षाली : कारण? मागणी कमी, भांडवल नाही, परवानगी नाही, इतर.

महेश : इतर.

हर्षाली : इतरमध्ये काय लिहू?

महेश : लिहा, जमिनीचा मालक ऑफिसात होता.

हर्षाली : "जमीन उपलब्ध नाही" लिहिते. धन्यवाद सर. खरंच. आणि तुमच्या बाल्कनीत हवा छानच येते हं.

महेश : मग घ्या ना मॅडम! सतरा आहेत, हवा तो मजला निवडा.

गोरक्षतात्या : बघा, ह्यो आकडा ऐकून मला घ्यावा वाटायला लागला. बाई, तुम्ही परत कधी येता?

हर्षाली : पुढच्या वर्षी, याच सुमाराला. आधी पत्र येतं आमचं.

गोरक्षतात्या : महेश, पत्र आलं का मला फोन कर. त्या दिवशी सातबारा घेऊन येतो.