मोठ्या फुटाची पट्टी

माझा जन्म वाटेवरचा. म्हंजे घरात न्हाई, दवाखान्यात न्हाई. दिवाळी झाली की आमची माणसं आटपाडीच्या अंगाचं गाव सोडून मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं यायची, ऊस निघालेल्या रानात खताला मेंढरं बसवायला, तशा एका वर्षी इस्लामपूरच्या अलीकडं एका बांधाला आईला कळा सुटल्या आणि मी झालो. आई सांगते, दुसऱ्या दिवशी मुक्कामाचा तळ उचलला, तुला घोड्यावर बिऱ्हाडासंगं बांधला. गावाला पाणी न्हाई म्हणून फिरायचं, एवढं सरळ कारण होतं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं पाण्यावरच येतंय.

दहावी कशीबशी झाली, मेंढरामागं जायचं न्हाई म्हणून सांगलीत आलो आणि एका पंपाच्या कारखान्यात मोल्डर म्हणून चिकटलो. मोल्डरचं काम काय, तर लाकडाचा साचा असतो, त्याला पॅटर्न म्हणतात, तो काळ्या मातीत दाबून बसवायचा, अलगद उचलायचा, मागं जी पोकळी राहील तिच्यात वितळलेलं बीड ओतायचं. बीड म्हंजे ओतीव लोखंड. निवलं की माती फोडायची, आत पंपाचं अंग तयार. पहिल्यांदा बघितलं तवा माझं तोंड उघडंच राहिलं, काय सांगू तुमाला, आमी पाणी वाहताना बघायला महिनामहिना चालणारी माणसं, आणि हितं लोखंड वाहतंय. पन्नाशी गाठली, अजून कुठं ओतणं चाललेलं दिसलं की मी बघत उभा राहतो.

पॅटर्न करायचे बापूमामा. जातीनं सुतार, माधवनगरचे. त्यांचे वडील तिथल्या कापडगिरणीत मागाचं लाकूडकाम करायचे, गिरणी बंद पडली, मामा आमच्याकडं आले. मामा म्हंजे माझे नात्यातले कुणी न्हाईत, सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. सागवानाचा तुकडा हातात घेऊन नुसता अंगठा फिरवायचे. पंपाच्या पोटात जो पंखा फिरतो, त्याला आमी इंपेलर म्हणतो, दोन तबकड्या आणि मधी सहा वाकडी पाती, ते पातं घासताना म्हणायचे, हितनं पाणी वर चढणार हाय रं, त्याला कुठं टोचायला नको. जसं काय पाणी म्हंजे सासरी निघालेली लेक. त्यांच्यापाशी एक पितळी पट्टी होती, तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा जरा मोठा. मी एकदा तिनं खोलीच्या दाराचं माप घेतलं आणि आणलेली फळी आखूड आली म्हणून वखारवाल्याशी भांडायला गेलो. मामा हसून हसून खाली बसले. म्हणाले, येड्या, ही पट्टी दाराची न्हाई, बीड निवताना आकसतं, जेवढं आकसणार तेवढं हिच्यात आधीच वाढवून धरलंय. मी ऐकलं आणि विसरलो. मोल्डरला त्याची गरजच नव्हती, पॅटर्न हातात यायचा तो सगळं धरूनच यायचा.

आता जे सांगायचं त्यासाठीच मी बसलोय.

मालकांनी मला मातीतनं उचलून स्टोअरला घेतलं, मग खरेदीला. मी खूश. कपडे पांढरे राहायला लागले. मग एक दिवस बाहेरदेशातनं नमुन्याची पेटी आली, आत इंपेलर, चकचकीत, आणि आमच्या निम्म्या भावात. मालक म्हणाले, जोतीराम, तू मोल्डर होतास, तूच सांग, कसा हाय. मी म्हणालो, उत्तम हाय साहेब. खोटं न्हाई बोललो, माल चांगलाच होता. मग त्यांनी विचारलं, मग आपली फाउंड्री ठेवायची का रे? त्यांचंही बंद करायचं मन होत नव्हतं, म्हणून विचारलं, हे मला तवाच कळलं होतं. मी म्हणालो, ठेवून काय करायचं. एवढंच म्हणालो. भट्टी थंड झाली. कुणी रिक्षा घेतली, कुणी ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर गेला, कुणाचं काय झालं मी विचारलंच न्हाई.

पॅटर्नची एक खोली होती, जमिनीपासनं आढ्यापर्यंत भरलेली, सगळं सागवान. मला परदेशी पेट्या ठेवायला जागा पायजे होती. ते सगळे पॅटर्न एका बेकरीवाल्याला भट्टीत जाळायला देऊन टाकले. टेम्पोत भरायला मीच हात लावला. दुसऱ्या दिवशी मामा आपली हत्यारं न्यायला आले. त्या मोकळ्या खोलीत उभे राहिले, नुसते उभे. मग म्हणाले, झाडून काढलीस का रं खोली? म्हणालो, व्हय मामा. बरं, म्हणाले, आणि हत्याराची पेटी सायकलला बांधून गेले. त्यानंतर मी माधवनगरचा रस्ता सोडला. त्या बाजूला काम निघालं तर लांबच्या वाटेनं जायचो. अशी वर्षं गेली. पंपावर पाटी आमची, पोट परदेशातलं.

पुढं आमच्या गावाला पाण्याची योजना झाली. खालच्या तळ्यावर पंप, टेकावर टाकी, टाकीतनं प्यायला पाणी आणि डाळिंबाला ठिबक. पंप आमच्याच कारखान्याचा, मीच आणला. गावानं मला फेटा बांधला. माझ्या धाकट्या भावानं, सोपाननं, डाळिंब लावलं आणि मेंढरं विकली. आमच्या घरात पहिल्यांदाच एका दिवाळीला कुणी चालायला गेलं न्हाई. आई रोज सांजच्याला टेकावर जाऊन टाकीत पाणी पडताना बघत बसायची. टीव्ही बघ की गं, सोपानची बायको म्हणायची. आई म्हणायची, ही टीवीच हाय.

आणि मग त्या उन्हाळ्यात इंपेलर फुटला. तळ्याचं पाणी खाली गेलेलं, पंपानं दगड ओढला, दोन पाती गेली. आधीच्या काळात आमी कपाटातनं दुसरा काढून दिला असता. आता कपाटात काय ठेवायची पद्धतच नव्हती, लागेल तसं मागवायचं. मागवला, तर बाहेरनं कळलं, जहाजं अडलीत, कंटेनर मिळत न्हाईत, थांबा. एक तारीख दिली, ती गेली, दुसरी दिली, तीही गेली. मी सगळीकडं फोन केले, पुणं, अहमदाबाद, कोइमतूर. त्या मापाचा इंपेलर कुणाकडंच न्हाई, सगळेच तिकडनंच आणणारे. दुसरा पंप बसवावा तर त्याचंही पोट तिकडंच अडलेलं. एवढा मोठा देश आणि एक बीडाचं चाक न्हाई, मला खरं वाटेना.

सोपानचा फोन रोज. दादा, झाडांनी पानं टाकायला सुरुवात केली. दादा, टँकर एक दिवसाआड येतोय. एकदा आईनं फोन घेतला. म्हणाली, जोत्या, तुझं न्हाई जमलं तर तसं सांग, मग निघतो आमी मेंढरं घेऊन. मग स्वतःच म्हणाली, मेंढरं तर इकली की रं.

मी म्हटलं आता आपणच ओतायचा. एमआयडीसीत एक लहान फाउंड्री अजून चालू होती. फुटक्या इंपेलरचे तुकडे मी जोडले, फटीत लांबी, म्हंजे पुटी, भरून घासूनपुसून सारखं केलं, आणि तोच पॅटर्न म्हणून मातीत घालायला दिला. तिथला मोल्डर म्हणाला, साहेब, वाढवून धरलंय न्हवं? मी घाईत म्हणालो, व्हय व्हय, चालू दे. मला वाटलं तो मातीचं काहीतरी विचारतोय. ओतला, खरादला म्हंजे लेथला लावला, घेऊन गेलो, बसवला. बटन दाबलं. पंप फिरला, पाईप थरथरला, लोक टेकावर कान लावून बसले. पाणी चढलं, चढलं आणि टाकीच्या खाली येऊन थांबलं. आत पाईपमधी आवाज येतोय आणि वर थेंब न्हाई. एक म्हातारा म्हणाला, दमलं वाटतं.

तिथं त्या टेकावर मला ती पितळी पट्टी आठवली. बीड आकसतं. मी तयार मालावरनं साचा काढला होता, तयार माल आधीच एकदा आकसलेला, त्याच्यावरनं काढलेला परत आकसला, वर खरादला घासला. चाक चहूबाजूंनी लहान, पाणी कडेनं निसटत होतं. वीस वर्षं मोल्डर, आणि ही चूक. कुठल्या नवख्यानं केली असती तर मी त्याला कारखान्यात उभा केला नसता.

दुसऱ्या दिवशी माधवनगरला गेलो. मामा दारात देव्हाऱ्याची महिरप कोरत बसलेले. अंग वाळलेलं, भुवया पांढऱ्या. मला बघून म्हणाले, या खरेदीसाहेब, देव्हारा पायजे का? मी पिशवीतनं तो फुटका आणि तो लहान झालेला, दोन्ही त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी लहान उचलला, कडेवरनं अंगठा फिरवला. म्हणाले, हे बाळ कुणाचं? म्हणालो, माझं. म्हणाले, उपाशी ठेवलंस.

मी गावाचं सांगितलं. डाळिंबाचं, टँकरचं, आईचं. मामांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, पाणी किती वर चढवायचं? लाकूड कुठनं आणायचं, असं मी विचारायच्या आत त्यांनी घरातल्या सागवानी चौरंगाची फळी काढली. मामी म्हणाल्या, आवं, सत्यनारायणाचा हाय तो. मामा म्हणाले, मग बराच हाय की.

तीन दिवस मी रजा टाकून त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी फुटकं चाक एकदाच मापलं, मोठ्या फुटाच्या पट्टीनं. पात्याचा वाक कागदावर काढला न्हाई, फुटकं पातं गालाला लावून बघितलं, मग रंधा, मग पटाशी. मी नुसतं घासकागद मारायला. दोन तबकड्यांच्या मधल्या पोकळीसाठी वेगळी पेटी लागते, वाळूचं पोट तयार करायला, तीही केली, उलटी, म्हंजे जिथं पाणी जाणार तिथं वाळू भरायचा खड्डा आणि जिथं बीडाची पाती येणार तिथं लाकूड. हे सगळं डोक्यात उलटं धरून माणूस विडी ओढत गप्पा मारतोय. कुठल्या देवाला करता येईल हे, मला ठाऊक न्हाई. मला त्यांच्या हातांकडं बघताना भीतीच वाटायला लागली, आपण कशाला काडी लावली होती ते आत्ता दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी राहवलं न्हाई. म्हणालो, मामा, ते पॅटर्न मी बेकरीला जाळायला दिले. फाउंड्री बंद करा असंही मीच म्हणालो होतो. मामांनी मान वर केली न्हाई. म्हणाले, ठावं हाय. बेकरीवाला ह्याच गल्लीत पाव घालतो. सहा महिने मी पाव खाल्ला न्हाई. मग हीच म्हणाली, पावानं काय केलंय तुमचं, खावा. मी म्हणालो, मामा, मला माफ करा. मामा म्हणाले, ती फळी नीट धर, हलायलीय.

ओतताना मामा स्वतः आले. खरादला अंगावर भरपूर माल होता, घासून बरोबर मापात आला. गावाकडं निघालो तर मामा पिशवी घेऊन दारात उभे. म्हणाले, मी येतो. चाळीस वर्षं पंप केले, पाणी चढताना एकदाबी बघितलं न्हाई. मला हे माहीतच नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. आमी कधी विचारलंच न्हाई.

मामांना टेकावर सोपाननं मोटरसायकलवरनं नेलं. मी खाली पंपापाशी. बटन दाबून मी वर पळत निघालो, पाईपाच्या कडेकडेनं, पाण्याबरोबर. ते माझ्या आधी पोचलं. मी गेलो तवा टाकीत धार पडत होती, मांडीएवढी, आणि मामा तिच्याजवळ उभे होते. टोपी काढून हातात धरलेली. मग पुढं होऊन त्यांनी धारेखाली हात घातला आणि धारेनं हात बाजूला फेकला, तर परत घातला. म्हणाले, लय जोर हाय रं. आपल्याच चाकाला बघून हे असं म्हणणारा माणूस मी दुसरा बघितला न्हाई.

सरपंच माझ्यासाठी हार घेऊन आलेले. मी म्हणालो, हार ह्यांना घाला, चाक ह्यांनी केलंय, आणि ह्यांचं काम बंद पाडणारा मी हाय, अशी चाकं बाहेरनं आणायची हे मीच ठरवलं होतं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आई म्हणाली, एवढं तुला कळत होतं, मग आधी का गेला न्हाईस ह्यांच्याकडं? आईनं खांद्यावरचं घोंगडं काढून मामांच्या खांद्यावर टाकलं. आमच्यात कुणाला मानायचं म्हंजे एवढंच असतं.

जहाजं पुढं चालू झाली. त्या मागवलेल्या इंपेलरची पेटीही आली. सोपान म्हणतो, असू दे कपाटात. कारखान्यात माल परत बाहेरनंच येतो आणि कागदावर सही माझीच असते, हे मी तुमच्यापासनं लपवत न्हाई. मालकांना मी सांगून बघितलं. ते म्हणाले, जोतीराम, आता भट्टी पेटवायची तर माणसं कुठं हायत. खरं हाय, ती मीच घालवली.

पण दर रविवारी मी माधवनगरला जातो. मामा मला ह्या वयात रंधा धरायला शिकवतात. हात जड हाय तुझा, म्हणतात, मेंढरं हाकल्यागत लाकूड हाकतोस. एक पॅटर्न तुझ्या हातनं पुरा झाला, म्हणतात, की मी जायला मोकळा. देवानं त्यांना बक्कळ आयुष्य द्यावं. मी एक पातं करतो, पुढच्या रविवारी तेच मोडून परत करतो. मामी म्हणतात, किती दिवस चाललंय तुझं. मी म्हणतो, मामी, नीट जमंना अजून.