वीस प्रश्न आणि सगळ्यांची सहमती

...आणि वर मलाच म्हणतात, "दिव्यानी, तू लय टेन्शन घेतं!" अहो, नाही घेणार तर काय करणार? प्रश्न साधा होता हो! 'महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?' चौथीतलं पोर झोपेत सांगेल... आणि त्याला पंचेचाळीस मिनिटं? पंचेचाळीस! शी!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही पोरगी उगीच किंचाळते. आमचं गाव धानोऱ्याच्या पुढं, जंगलात. गावाला वाचनालयाची एकच खोली, आणि त्या खोलीत वाचणारी एकटी मी, वनरक्षक भरतीचा अभ्यास करते, कारण घरी टीव्ही, दोन पुतणे, आणि काकूचा फोन स्पीकरवर... सोडा. तर ग्रामसेवक साहेब आले, खाटीक बोकडाकडे बघतो तसं खोलीकडे बघितलं आणि म्हणाले, "एकटीसाठी खोली अडकवता येत नाही. तेंदूपानाची पोती ठेवायची आहेत. गावासाठी काही करून दाखव, प्रश्नमंजुषा घे, विजेत्यांचा ढाल हातात घेतलेला फोटो मला वर पाठवायचाय. फोटो आला तर खोली तुझी, नाही आला तर पोती!"

घेतली! वीस प्रश्न काढले, तीन संघ केले, घंटी नव्हती म्हणून प्रत्येक संघाला थाळी आणि चमचा दिला. संध्याकाळी सहाला पहिला प्रश्न विचारला आणि धाडकन थाळी वाजली... मी अशी दचकले की सगळे कागद हवेत! ते गोळा करून बघते तर थाळी वाजवणारे देवाजीभाऊ, मान आभाळाकडे, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि उत्तर काय, "उंऽऽ... उंऽऽ!" म्हटलं, भाऊ, थुंकून या. गेले. मी हातावरचं घड्याळ बघत उभी. आले... नवीन पुडी तोंडात टाकून आले!

तेवढ्यात ग्रामसभेत सगळ्यांत पुढं असणाऱ्या बुधरीबाई उठल्या. "थांब व पोरी, आमी ठरवतो." आणि काय बघते, तिन्ही संघांनी खुर्च्या ओढल्या आणि गोल करून बसले! आमच्या ग्रामसभेची रीतच ती. बांबू तोडायचा असो की तळ्यातली मासोळी धरायची असो, सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय निर्णय नाही. हात मोजायचे नाहीत. एक माणूस जरी 'नाई' म्हणाला, तरी सारे पुन्हा बसणार. चांगली रीत आहे, मी कुठं नाही म्हणते? पण प्रश्नमंजुषेत? प्रश्न साधा होता हो!

"बुधरीबाई, ही स्पर्धा आहे! एकानं जिंकायचं, दोघांनी हरायचं!"

"हरायचं काऊन? सारे आपल्याच गावचे हायेत न?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं, शेकरू. अडले एकटे बकऱ्या राखणारे झिंगूभाऊ. "वाघ म्हणा! वाघाले नाई म्हटलं अन् त्याले कळलं तं? बकरी माही जाते, सरकारची नाई!" पाऊण तास समजूत घातली त्यांची. शेवटी ठरलं, शेकरू सरकारचा, वाघ आपला.

दुसरा प्रश्न, राज्यफूल. दोन मिनिटांत एकमतानं उत्तर आलं, "मोह!" मी म्हटलं, चूक, पुस्तकात ताम्हण आहे. बुधरीबाईंनी चष्मा वर केला. "पुस्तकवाल्यानं ग्रामसभेले विचारलं होतं का?" आणि ठराव लिहिला, सह्या-अंगठे घेतले! मी घामानं निथळतेय, देवाजीभाऊ चौथ्यांदा थुंकायला निघालेत, आणि ते पण कुठं? मी खोलीबाहेर लावलेल्या तुळशीमागे! शी, शी, शी!

मग मीच हात टेकले, उरलेले अठरा प्रश्न भराभर वाचले, तिन्ही संघांचं एकच उत्तर, तिघांचे गुण सारखे. विजेता कोण? गेली खोली! आली पोती! पण यांना काय त्याचं? बावन्न माणसांनी मिळून एक ढाल धरली, कुणाचं बोट, कुणाची करंगळी, बुधरीबाईंचा अख्खा हात, आणि काढला फोटो. आणि तो फोटो बघून ग्रामसेवक साहेब काय म्हणाले असतील? "वा! याला म्हणतात लोकसहभाग! पोती शाळेमागे ठेवू."

मी रडले हो आनंदानं! खोली वाचली! डोळे पुसतेय तर बुधरीबाई ठराव वाचतायत, "लय मजा आली. आजपासून रोज सकाळ-संध्याकाळ साऱ्या गावानं याच खोलीत बसाचं, प्रश्न दिव्यानी विचारन. सहमती?"

बावन्न जण 'हो' म्हणाले. राहिली कोण? मी. आणि माझ्या 'हो'शिवाय कुणी उठेना. कुणी रागावलं नाही, कुणी जबरदस्ती केली नाही, नुसते प्रेमानं बघत बसले. दहा मिनिटं. वीस मिनिटं... प्रश्न साधा होता हो!

म्हटलं, हो.

आता खोली गावाची, आणि मी अभ्यास गोठ्यात करते. भरती तोंडावर आलीय, शेणाचा वास येतो, डास चावतात... पण म्हैस निदान सहमती तरी मागत नाही.